विमानाचा आणि अवकाशाचा कायदा बडोद्यातल्या पोरांनी शिकायला हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी बडोद्यात वकिली करते, कामं मुख्यतः मोटार अपघाताच्या क्लेमची. माझ्याकडे इंटर्नशिपला लॉची पोरं येत असतात, त्यातली रावपुऱ्यातली एक हुशार मुलगी मागे म्हणाली की तिला पुढे एअर अँड स्पेस लॉ करायचंय, पण घरचे म्हणतात हे कसलं फॅड, जमिनीच्या केसेस शिक, बडोद्यात कधी उपाशी राहणार नाहीस. घरच्यांची काळजी मला कळते हो, पण हा विषय म्हणजे परदेशातल्या मोठ्या लोकांचा, आपला काय संबंध, असं आपल्या मराठी घरांत सगळेच धरून चालतात आणि ते अजिबात खरं नाहीये, म्हणून हे पत्र.

१२ जून २०२५ ला अहमदाबादहून लंडनला निघालेलं विमान मेडिकल कॉलेजच्या हॉस्टेलवर पडलं. विमानातले २४१ गेले, खाली जमिनीवरचे १९ गेले. नंतर कित्येक दिवस कोर्टातल्या वकिलांच्या बार रूममध्ये, नातेवाइकांत, शेजारीपाजारी एकच प्रश्न, भरपाई किती आणि मागायची कुठे. नीट उत्तर देऊ शकणारे वकील फार थोडे होते. इंटरनॅशनल फ्लाइटला १९९९ चा मॉन्ट्रियल करार लागतो, भारत त्यात २००९ ला आला. त्यात एका रकमेपर्यंत घरच्यांनी विमान कंपनीची चूक सिद्ध करायची गरजच नाही, ती रक्कम २८ डिसेंबर २०२४ पासून माणशी १,५१,८८० एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे, म्हणजे रुपयांत पावणेदोन कोटींच्या वर. त्याच्या पुढचं मागितलं तर आमचा निष्काळजीपणा नव्हता हे कंपनीने सिद्ध करायचं. आणि दावा कुठे लावायचा याचेही पर्याय आहेत, कंपनी जिथली तिथे, तिकीट जिथे काढलं तिथे, प्रवास जिथे संपणार होता तिथे, आणि मृत्यूच्या केसमध्ये काही अटी पाळून प्रवासी कायमचा जिथे राहत होता तिथेसुद्धा. रिटर्न तिकीट असेल तर प्रवास जिथून सुरू झाला तेच शेवटचं ठिकाण धरतात. आता सांगा, ज्याचा मुलगा गेला त्या बापाला हे कोण समजावणार?

आणि ते १९ जण? त्यांना मॉन्ट्रियल करार लागूच होत नाही, तो फक्त प्रवाशांपुरता. हॉस्टेलच्या मेसमध्ये जेवायला बसलेला पोरगा त्याच विमानाखाली सापडून गेला तरी त्याच्या आईवडलांना वेगळ्या वाटेने, साध्या दिवाणी कायद्याने जावं लागतं. कंपनीने आपणहून काही दिलं तर तो वेगळा विषय, मी हक्काबद्दल बोलतेय. हे मला अजून पचत नाही.

आता अवकाशाचं बघा. मे २०२२ मध्ये आपल्या शेजारच्या आणंद जिल्ह्यात भालेज, खंभोळज, रामपुरा इथे आभाळातून काळे धातूचे गोळे पडले होते, आठवत असेल. त्याच्या महिनाभर आधी चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात मोठी धातूची रिंग पडली होती. दोन्ही वेळा चिनी रॉकेटचे तुकडे असावेत असं जाणकारांचं म्हणणं होतं. नशिबाने कोणी गेलं नाही, पण एखाद्या शेतकऱ्याच्या घरावर पडलं असतं तर? त्यासाठी १९७२ चा लायबिलिटी करार आहे आणि तो या बाबतीत विमानाच्या कायद्यापेक्षा कडक आहे, जमिनीवर नुकसान झालं की ज्या देशाने रॉकेट सोडलं त्याची जबाबदारी, चूक असो वा नसो. फक्त तो शेतकरी या कराराखाली स्वतः दावा लावू शकत नाही, त्याच्या वतीने सरकारने मागायचं आणि तेही साधारण वर्षाच्या आत. १९७८ ला सोव्हिएत रशियाचा अणुभट्टीवाला उपग्रह कॉसमॉस ९५४ कॅनडात कोसळला, कॅनडाने ६० लाख कॅनेडियन डॉलर मागितले, १९८१ ला ३० लाखांवर तडजोड झाली.

खरी अडचण पुढे आहे. तो करार आपल्याच देशाच्या रॉकेटने आपल्याच नागरिकाचं नुकसान केलं तर लागू नाही. आणि आता आपल्याकडे प्रायव्हेट कंपन्या रॉकेट सोडायला लागल्यात, स्कायरूटने नोव्हेंबर २०२२ ला सोडलं, अग्निकुलने मे २०२४ ला. १९६७ च्या आउटर स्पेस ट्रीटीप्रमाणे प्रायव्हेट कंपनीच्याही कामाची जबाबदारी सरकारवरच येते, परवानगी द्यायची आणि सतत लक्ष ठेवायचं. आपल्याकडे २०२३ ची स्पेस पॉलिसी आहे, इन-स्पेसचे, म्हणजे प्रायव्हेट अवकाश कंपन्यांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेचे, २०२४ चे नियम आहेत, पण संसदेने केलेला कायदा नाही, २०१७ ला मसुदा आला तो तिथेच राहिला. म्हणजे हा कायदा लिहायचा बाकी आहे. नव्या वकिलाला याहून मोठी संधी कुठली मिळणार?

आणि काम आपल्या दारात आहे हो. इन-स्पेसचं ऑफिस अहमदाबादला बोपलमध्ये, गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत विमानं लीजवर देणाऱ्या कंपन्या आल्यात, आपल्या बडोद्यात सी-२९५ या लष्करी मालवाहू विमानांची फॅक्टरी ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. लीजचं काम किती मोठं आहे ते गो फर्स्ट ही विमान कंपनी बंद पडली तेव्हा दिसलं, विमानांचे मालक आपलीच विमानं परत न्यायला वर्षभर कोर्टात होते, शेवटी २०२५ ला त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. १९३४ चा जुना एअरक्राफ्ट अ‍ॅक्ट जाऊन भारतीय वायुयान अधिनियमसुद्धा १ जानेवारी २०२५ पासून लागू झालाय. म्हणजे जुन्या वकिलांनाही हे सगळं नव्यानेच वाचावं लागणार, पोरं मागे आहेत असं काही नाही.

बाहेर शिकायचं तर मॉन्ट्रियलचं मॅकगिल आहे, हॉलंडचं लायडन आहे, पण तो खर्च सगळ्यांना कुठून झेपणार. हैदराबादच्या नालसार या लॉ युनिव्हर्सिटीचे दूरशिक्षणाचे कोर्स आहेत, ते घरी राहून, प्रॅक्टिस करता करता होतात. माझं एवढंच म्हणणं की बडोद्यातल्या वकिलांच्या बारने आणि लॉ शिकवणाऱ्यांनी मिळून महिन्यातून एक संध्याकाळ तरी या विषयाला द्यावी, गुजरातीत, मराठीत, हिंदीत, जसं जमेल तसं, मी जागेची आणि चहाची सोय करते. आईबाबांनीही येऊन बसावं, म्हणजे पोरगी काय शिकू पाहतेय ते कळेल.

आणि आपल्या पेपरने एक गोष्ट ठळक छापावी ही विनंती. मॉन्ट्रियल करारात दावा लावायची मुदत दोन वर्षांची आहे, म्हणजे जून २०२५ च्या त्या अपघातातल्या प्रवाशांसाठी ती जून २०२७ ला संपते, आणि बोलणी चालू आहेत म्हणून ती वाढेल असं धरून कोणी बसू नये.

आपली,
एक वकील, दांडिया बाजार, बडोदा