वरच्या ओळीतल्या सोळा काळ्या चौकोनांविषयी

तीर्थरूप बाबांस,

शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

परवा फोनवर तुम्ही सांगितलेत की तुमच्याकडची आणि माझ्याकडची वेळ दाखवणाऱ्या आपल्या घड्याळाच्या पडद्यामागचा दिवा लागतो, वरच्या ओळीत सोळा काळे चौकोन उभे राहतात, खालची ओळ मात्र कोरी असते आणि प्रोग्राम कितीही वेळा चालवला तरी त्यात फरक पडत नाही. त्यावर मी ‘वायरी तपासा’ एवढेच म्हणाले आणि ते तुम्हाला रुचले नाही, हे तुमच्या नुसत्या ‘बरं’वरूनच कळले. ज्यांनी उभे आयुष्य रेडिओ उघडून दुरुस्त केले त्यांना वायरी तपासायला सांगणे हा आगाऊपणाच झाला. म्हणून आता सविस्तर लिहिते. प्रोग्राम मेमरी कार्डावर आहेच. पत्रात त्यामागची कारणे लिहिते, कारण कारण कळल्याशिवाय तुम्ही स्क्रू-ड्रायव्हरसुद्धा हातात घेत नाही.

पहिली गोष्ट अशी की ते काळे चौकोन हे चांगले लक्षण आहे. त्या पडद्यावर जो नियंत्रक आहे, त्याची मूळ रचना हिताची कंपनीच्या एचडी ४४७८० या १९८० च्या दशकातल्या चिपची आहे. आज बाजारात मिळणारे बहुतेक सोळा-अक्षरी दोन-ओळी पडदे तिच्याच आज्ञा पाळतात. वीज मिळताच हा नियंत्रक आपल्याला आठ तारांवरून माहिती येणार आहे आणि आपल्याकडे एकच ओळ आहे असे धरून चालतो. म्हणूनच वरची ओळ काळी आणि खालची कोरी. म्हणजे वीज पोचली आहे, काच शाबूत आहे, पण रास्पबेरी पाय या आपल्या छोट्या संगणक-बोर्डाकडून निघालेली एकही आज्ञा त्याच्या कानी पडलेली नाही.

आता पडद्याच्या पाठीवरची छोटी पट्टी पाहा. पडद्याला स्वतःच्या सोळा पिना आहेत आणि त्या सगळ्या रास्पबेरी पायला जोडायच्या म्हटल्या तर वायरींचे जंजाळ होते, म्हणून त्या पट्टीवर पीसीएफ ८५७४ नावाची चिप बसवलेली असते. ती दोन तारांवरून आलेली माहिती घेऊन आपल्या आठ पायांवर मांडते. त्यांपैकी चार पाय अक्षरांच्या माहितीसाठी, एक दिव्यासाठी आणि उरलेले तीन ‘ही आज्ञा की अक्षर’, ‘वाचायचे की लिहायचे’ आणि ‘आता उचल’ हे सांगण्यासाठी. बोर्डाच्या चाळीस पिनांपैकी तिसरी माहितीची, पाचवी ठोक्यांची, दुसरी ५ व्होल्टची आणि सहावी अर्थिंगची. विषम क्रमांकाच्या पिना आतल्या रांगेत असतात आणि सम क्रमांकाच्या बोर्डाच्या कडेला. बोर्ड उलटा केलात तर पहिल्या पिनेचा टाका चौकोनी दिसेल, बाकीचे गोल; तिथून मोजा.

पाकिटात दोन्हीकडचे व्होल्ट जुळवणारी जी लाल रंगाची चिमुकली पट्टी आहे, ती मध्ये घालायला विसरू नका. बोर्डाच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत आणि त्यांना ५ व्होल्ट सोसत नाहीत, तर पडद्यामागच्या पट्टीवरचे रेझिस्टर दोन्ही तारा ५ व्होल्टकडे ओढून धरतात. ‘माझे तर त्याविनाही चालते’ असे म्हणणारे भेटतात आणि ते खोटे बोलतात असे नाही. पण चालणे आणि टिकणे यांतला फरक तुम्हाला मी काय सांगावा! माझ्या पहिल्या बोर्डाची एक पिन मी अशीच जाळली. तेव्हा पडदा सोळाही पिनांनी थेट जोडला होता आणि ‘वाचायचे की लिहायचे’ ही पिन मोकळी ठेवली होती, कारण मला त्यातून काही वाचायचे नव्हते. ती पिन मोकळी ठेवली की चिपच्या आतल्या रचनेमुळे ती ‘वाचा’ या बाजूला झुकते हे मला ठाऊक नव्हते. पडदा आपल्या ५ व्होल्टने उत्तरे देत राहिला आणि बोर्डाची पिन गेली. पडद्याची ती मोकळी पिन अर्थिंगला जोडली असती तर काही झाले नसते.

जोडणी झाली की कार्डावरचा ‘पत्ता’ नावाचा प्रोग्राम चालवा. तो त्या दोन तारांवर कोण कोण बसले आहे याचा तक्ता दाखवतो. तक्त्यात २७ किंवा ३एफ दिसले पाहिजे (हे सोळाच्या पटीत मोजायच्या पद्धतीतले आकडे, म्हणून त्यांत ‘एफ’ येतो). पट्टीवरच्या चिपच्या साध्या आवृत्तीचा पत्ता बहुधा २७ असतो आणि ‘ए’ आवृत्तीचा ३एफ. माझा प्रोग्राम २७ धरून लिहिलेला आहे, आणि मला दाट संशय आहे की तुमच्या पट्टीचा पत्ता ३एफ असावा. तसे असेल तर प्रोग्रामच्या तिसऱ्या ओळीत तेवढाच बदल करा. तक्ता पूर्ण रिकामा आला तर मात्र दोष वायरीतच आहे, आणि मग माझा आगाऊपणा माफ करा.

पट्टीवरच्या निळ्या चौकोनी प्रीसेटचे काम तुम्ही ओळखले असेलच. अक्षरे किती गडद दिसावीत हे तो ठरवतो. मात्र तो एका टोकाला असेल तर अक्षरे उमटलेली असूनही दिसत नाहीत, आणि दुसऱ्या टोकाला असेल तर अक्षरांमागचे रिकामे चौकोनही काळे दिसू लागतात. आज्ञा पोचू लागल्यावर तो पुन्हा एकदा सावकाश फिरवा.

तुम्ही विचारलेत की प्रोग्रामच्या सुरुवातीला ‘तीन’ हा आकडा तीनदा का पाठवला आहे, एकदा पाठवून का भागत नाही. या प्रश्नापायी माझ्या तीन संध्याकाळी गेल्या आहेत. पट्टीकडून पडद्याला माहिती द्यायला आपण चारच तारा वापरतो, त्यामुळे प्रत्येक आज्ञेचे दोन अर्धे करून ते एकापाठोपाठ पाठवावे लागतात. बोर्ड बंद करून पुन्हा सुरू केला तरी पडद्याची वीज तुटलेली नसते, त्यामुळे तो आधीच्याच अवस्थेत थांबलेला असतो. कधी तो आठ तारांच्या समजुतीत असतो, कधी चार तारांच्या. आणि चार तारांच्या समजुतीत असला तरी पहिल्या अर्ध्याची वाट पाहत असतो की दुसऱ्या अर्ध्याची, हे बाहेरून कळत नाही. माझा प्रोग्राम तेव्हा एकदा नीट चालायचा, पुढच्या वेळी पडद्यावर कसलीतरी जपानी वळणाची अक्षरे यायची, तिसऱ्या वेळी पुन्हा नीट. एक अर्धा कुठेतरी हरवला की त्यापुढचे सगळे अर्धे चुकीच्या जोड्या लावून वाचले जातात.

‘तीन’चा अर्थ ‘आठ तारांवर ये’ असा आहे. पडदा आधीच आठ तारांवर असेल तर तीनही वेळा तो तीच आज्ञा पुन्हा पाळतो. तो चार तारांवर पहिल्या अर्ध्याची वाट पाहत असेल तर पहिले दोन ‘तीन’ मिळून एक आज्ञा होते आणि तो आठवर येतो. तो दुसऱ्या अर्ध्यासाठी अडून बसला असेल तर पहिला ‘तीन’ ती जुनी अर्धवट आज्ञा कशीबशी पुरी करतो आणि पुढचे दोन त्याला आठवर आणतात. म्हणजे तो कुठेही असो, तिसऱ्या ‘तीन’नंतर कुठे आहे हे आपल्याला निश्चित ठाऊक असते, आणि मगच ‘दोन’ पाठवून त्याला चार तारांवर आणायचे. पहिल्या ‘तीन’नंतर ४.१ मिलिसेकंद आणि दुसऱ्यानंतर १०० मायक्रोसेकंद थांबावे असे चिपच्या माहितीपत्रकात दिलेले आहे. मी प्रत्येक वेळी ५ मिलिसेकंद थांबते. घाई कोणालाच नाही.

थांबण्यावरून आठवले. साधी आज्ञा पार पाडायला त्याला ३७ मायक्रोसेकंद पुरतात, पण पडदा पुसायला १.५२ मिलिसेकंद लागतात. पुसायची आज्ञा देऊन न थांबता लिहायला घेतले की पहिले एखाद-दुसरे अक्षर गिळले जाते. आणि दर सेकंदाला पुसून पुन्हा लिहिले तर पडदा लुकलुकतो, म्हणून माझा प्रोग्राम पुसतच नाही. जुन्यावर नवे लिहितो आणि उरलेली जागा रिकाम्या अक्षरांनी सोळापर्यंत भरतो. पडद्याच्या आतल्या साठ्यात खालची ओळ ६४ या पत्त्यापासून सुरू होते, १६ पासून नव्हे. सतरावे अक्षर आपोआप खाली येईल या आशेने मी एक ओळ लिहून पाहिली होती. ते अक्षर आतल्या आत कुठेतरी पडद्याआड गेले.

आता मुख्य गोष्ट. वरच्या ओळीत तुमच्याकडची वेळ आणि खालच्या ओळीत माझ्याकडची, हे आपले ठरलेलेच होते. ती देवनागरी आकड्यांत दिसावी अशी तुमची इच्छा होती, आणि मी आधी ‘जमणार नाही’ म्हणाले होते. त्या चिपच्या कायमच्या साठ्यात इंग्रजी अक्षरे आहेत, जपानी काताकाना आहे, येनचे चिन्हसुद्धा आहे, देवनागरी नाही. आपण आखलेली अक्षरे ठेवण्यासाठी फक्त आठ घरे मिळतात, आणि आकडे तर दहा.

अक्षर आखायचे ते पाच ठिपके रुंद आणि आठ ठिपके उंच अशा चौकटीत. प्रत्येक आडव्या ओळीतल्या ठिपक्यांना डावीकडून १६, ८, ४, २, १ अशी किंमत द्यायची आणि जे लावायचे त्यांची बेरीज पाठवायची. उदाहरणार्थ, ४ हा आकडा मी असा आखला आहे: १७, १७, १०, ४, १०, १७, १४, ०. कागदावर चौकट आखून ठिपके भरून पाहा. वर दोन उघडे हात, मध्ये फुली आणि खाली गाठ दिसेल. चार सहज जमला. एक आणि नऊ यांनी मात्र छळले, कारण पाच ठिपक्यांत दोघे भावंडांसारखे दिसतात. एक फायदा असा की आकड्यांना शिरोरेखा नसते. शब्द लिहायला गेलो की दोन चौकटींमधल्या फटीत शिरोरेखा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो.

राहता राहिला आठ घरांचा प्रश्न. शून्यासाठी घर लागत नाही. इंग्रजी लहान ‘ओ’ त्याचे काम चोख करतो. तरी नऊ उरतात. मग मी असा विचार केला की सगळे आकडे एकाच वेळी पडद्यावर असतातच कुठे? आपल्या दोन वेळांतला फरक अर्ध्या तासाच्या पटीत असल्यामुळे मिनिटांचा शेवटचा आकडा दोन्ही ओळींत सारखाच असतो. तासाचा पहिला आकडा शून्य, एक किंवा दोन एवढाच असू शकतो. हे सगळे मांडून पाहिले तेव्हा लक्षात आले की शून्य वगळता एका वेळी सहापेक्षा जास्त वेगळे आकडे पडद्यावर येऊच शकत नाहीत. तुम्हीही कागदावर पडताळून पाहा, तुम्हाला मजा वाटेल. म्हणून प्रोग्राम दर मिनिटाला फक्त लागणारे आकडे घरांत ठेवतो, आणि जे आधीपासून आहेत त्यांना हलवत नाही. कारण घरातली आकृती बदलली की पडद्यावर ती जिथे जिथे असेल तिथे त्याच क्षणी बदलते आणि चुकीचा आकडा डोळ्यांसमोर चमकून जातो. आकृती भरून झाल्यावर पुन्हा ओळीचा पत्ता द्यावा लागतो. तो द्यायचा राहिला तर पुढचा मजकूर पडद्यावर न जाता आकृत्यांच्या घरांतच शिरतो आणि सगळ्या आकड्यांची वाट लागते. हे मी एकदा करून पाहिले आहे. पुन्हा पाहण्यासारखे नाही.

सहा घरे आकड्यांना गेली, दोन उरली. त्यांत मी ‘घ’ आणि ‘र’ आखले आहेत, तेव्हा वरच्या ओळीच्या सुरुवातीला ‘घर’ असे येईल. माझ्या ओळीपुढे काही लिहायला घर उरले नाही. ती तशीच राहू दे.

वेळेचा फरक मी आकडा म्हणून लिहिलेला नाही, कारण इकडे वर्षातून दोनदा घड्याळे एक तास मागेपुढे करतात. तो हिशेब पायथन या प्रोग्रामच्या भाषेतल्या तयार तक्त्यावर सोपवला आहे. तुमच्याकडच्या बोर्डावर बॅटरीवर चालणारे घड्याळ नाही, तो वेळ इंटरनेटवरून घेतो. त्यामुळे वीज जाऊन आल्यावर इंटरनेट येईपर्यंत पडद्यावर जुनीच वेळ दिसली तर बिघाड समजून तो उघडू नका.

पत्त्याचा तक्ता पाहिल्यावर २७ आले की ३एफ, ते फोनवर सांगा. आईने मोठा रंगीत पडदा का घेतला नाही असे विचारले होते. २४० बाय ३२० ठिपक्यांच्या तशा पडद्याचे एक चित्र म्हणजे १,५३,६०० बाइट होतात, आणि आपल्याला तर बत्तीस अक्षरेच दाखवायची आहेत, असे तिला सांगा. तिला माझा नमस्कार.

तुमची लेक