गृहमंत्री महोदय, जामिनाचे उत्तर आपल्या खात्याने द्यायचे आहे

मा. गृहमंत्री, कर्नाटक राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

अमली पदार्थांच्या गुन्ह्यात पकडलेला माणूस जामिनावर बाहेर आला की बेळगावात एकच बोलणे ऐकू येते, ‘कोर्टाने सोडला.’ आईबाप चिडतात, आणि का चिडू नयेत? निपाणीपासून कित्तूरपर्यंत महामार्ग, चोर्ल्याच्या घाटातून गोवा, पलीकडे चंदगड, गडहिंग्लज. माल न्यायला वाटा पुष्कळ, आणि शहरात खोल्या घेऊन राहणारी बाहेरगावची कॉलेजची पोरेही पुष्कळ. तरी माझी तक्रार न्यायाधीशांविषयी नाही. ती आपल्या खात्याविषयी आहे.

१९८५ च्या एनडीपीएस कायद्याने, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याने, जामीन सोपा ठेवलेलाच नाही. माल व्यावसायिक प्रमाणात असला, म्हणजे गांजा २० किलोच्या किंवा हेरॉइन २५० ग्रॅमच्या वर गेले, की कलम ३७ आडवे येते. सरकारी वकिलाला विरोधाची संधी द्यावी लागते. आरोपी दोषी नसावा आणि सुटल्यावर पुन्हा असा गुन्हा करणार नाही, असे मानायला सबळ कारण आहे, याची कोर्टाला खात्री पटावी लागते. इतके असूनही लोक सुटतात ते कशामुळे?

अशा गुन्ह्यात दोषारोपपत्राला १८० दिवस मिळतात. तपास अपुरा असेल तर सरकारी वकिलाने कारणे दाखवून वर्षापर्यंत मुदत वाढवून घ्यायची. दोन्ही करायचे राहून गेले तर जामीन हा आरोपीचा हक्क होतो, मग कलम ३७ कामाला येत नाही. पोरांच्या हातात पुड्या देणारा घरी परततो तो कोर्टाच्या दयेने नव्हे. फाइल कुणाच्या तरी टेबलावर पडून राहिलेली असते.

सीमाभागात आणखी एक दुखणे आहे. पंच मराठी, आरोपी मराठी आणि पंचनामा कन्नडमध्ये. वाचता न येणाऱ्या कागदावर पंच सही करून मोकळा होतो. पुढे कधीतरी साक्षीला उभा राहिल्यावर बचावाचे वकील विचारतात, ‘यात काय लिहिलंय ते सांगा.’ तिथे तो गप्प होतो आणि पोलिसांची सगळी मेहनत पाण्यात जाते. अंगझडती राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर मागण्याचा कलम ५० मधला हक्क आरोपीला कळेल असा सांगावा लागतो. अटकेची कारणे त्याला समजणाऱ्या भाषेत लेखी द्या, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. सीमाप्रश्न त्याच न्यायालयात २००४ पासून आहे. तो या पत्रात आणायचा नाही. खानापूर, निपाणी, बेळगाव या तालुक्यांत कन्नडसोबत मराठी प्रत द्या, एवढेच मागणे. त्याने आरोपीचा हक्क राहील आणि पुरावाही टिकेल.

आणि ट्रकवरचा क्लीनर? माल कुणाचा हे त्याला कित्येकदा ठाऊकही नसते. मालक मोकळा फिरतो, हा तारखांवर तारखा मोजत आत बसतो. २०२३ मध्ये मोहम्मद मुस्लिम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सात वर्षांहून अधिक काळ कैदेत असलेल्या आरोपीला खटल्याच्या विलंबामुळे जामीन दिला. मला तो निकाल योग्य वाटतो. खटला चालवता येत नसेल तर माणसाला डांबून ठेवण्याचा अधिकार सरकारला कसा उरतो? ‘जामीनच देऊ नका’ अशी मागणी आमच्याकडच्या सभांतून होते, तिला म्हणूनच माझा पाठिंबा नाही. मला निकाल हवा आहे, आणि तो लवकर हवा आहे.

जप्त मालाच्या नमुन्याचा अहवाल प्रयोगशाळेने १५ दिवसांत द्यावा, असे याच कायद्याखालचे २०२२ चे नियम सांगतात. जिल्ह्यात तो प्रत्यक्षात किती दिवसांनी येतो, याची माहिती आपल्या एका आदेशाने गोळा होईल.

हिवाळी अधिवेशनाला आपण सुवर्ण विधानसौधात याल, तेव्हा बेळगाव जिल्ह्याचा हिशेब सभागृहापुढे ठेवा. व्यावसायिक प्रमाणाच्या किती खटल्यांत दोषारोपपत्र मुदतीत गेले, मुदत हुकल्यामुळे किती जण सुटले, आणि त्याबद्दल कोणत्या अधिकाऱ्याला जाब विचारला गेला.

आपला,
बेळगावचा एक नागरिक