गिटारच्या सरावात आवडीच्या गाण्यालाही जागा हवी

माननीय संपादक महोदय,

उन्हाळ्याच्या सुट्टीत नागपुरातले गिटारचे वर्ग भरून जातात आणि दिवाळी येईपर्यंत त्यांतल्या कित्येक गिटारी कपाटावर जाऊन पडतात. हल्लीच्या मुलांमध्ये चिकाटीच उरली नाही, असे त्यावर सर्रास बोलले जाते. आमच्या घरचा अनुभव वेगळा आहे, म्हणून हे पत्र.

मुलीला गिटार घेऊन दिली तेव्हा ती अकरा वर्षांची होती. बोटांचे व्यायाम आणि कॉर्ड (एकत्र छेडायचे स्वरसमूह) पक्के झाल्याशिवाय आवडीच्या गाण्याला हात लावायचा नाही, असा नियम मीच घातला होता. ती रोज बसे, पण तिचे अर्धे लक्ष घड्याळाकडे असे. एफ कॉर्डवर गाडी पुरती अडली. या कॉर्डला तर्जनी पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे गिटारीच्या दांडीवरच्या धातूच्या पट्ट्या) आडवी टाकून सहाही तारा एकदम दाबाव्या लागतात आणि स्वस्त गिटारीच्या तारा फ्रेटपासून उंच असतील, तर मोठ्या माणसाचाही हात भरून येतो. तिच्या बोटांवर तारांचे वळ उठत, सूर मात्र उमटत नसे. नुसताच टक् असा मुका आवाज येई. महिनाभर हेच चालले आणि एके दिवशी तिने गिटार खोळीत घातली, ती पुढचे चार महिने बाहेर काढली नाही.

नंतर आमच्या ओळखीच्या एका वादकांनी तिचा हात पाहिला. त्यांनी तिला कोपर अंगाजवळ घ्यायला लावले, तर्जनी किंचित कडेवर कलती केली आणि कोणती तार बोलत नाही हे एकेक तार छेडून तिलाच शोधायला सांगितले. पूर्ण एफ जमेपर्यंत बारीक चार तारांचा छोटा एफ वाजव आणि गाणे आजच घे, असेही ते म्हणाले. सी कॉर्डवरून एफवर जाताना गाण्याची लय तुटते, हे तिला स्वतःला खुपू लागले आणि मेट्रोनोम (ठरावीक गतीने ठोके देणारे यंत्र) मिनिटाला 60 ठोक्यांवर लावून तेवढाच बदल पुन्हा पुन्हा घोटायची मागणी तिच्याकडूनच आली. जी शिस्त माझ्या धाकाने लागली नव्हती, ती त्या गाण्याच्या ओढीने लागली.

आता संध्याकाळी सातला अर्धा तास ठरलेला आहे. पहिली पाच मिनिटे सूर जुळवण्यात जातात (मे महिन्यात कूलरच्या दमट झोतापुढे ठेवलेली लाकडी गिटार हमखास बेसूर होते, ती तिथून दूरच ठेवावी), पंधरा मिनिटे मेट्रोनोमसोबत आणि शेवटची दहा पूर्णपणे तिची. त्या दहा मिनिटांत कोणी चूक दाखवायची नाही. हा नियम पाळणे मला सर्वांत जड गेले. अर्थात नुसती गाणीच वाजवत राहिले, तर हात तीन-चार कॉर्डांपलीकडे जात नाही, हेही मी पाहिले आहे.

एका वर्गात तिला अभंग वाजवायचा होता, तेव्हा तो अभ्यासक्रमात नाही म्हणून नकार मिळाला, याचे फार वाईट वाटते. आपले संगीत गिटारवर वाजतेच; गिटारवादक पंडित ब्रिजभूषण काब्रा यांनी हेच वाद्य मांडीवर आडवे घेऊन त्यावर राग वाजवले होते.

सुट्टीचे वर्ग लवकरच सुरू होतील. नाव घालताना पालकांनी तारांची उंची तिथल्या तिथे तपासून घ्यावी आणि पहिल्याच आठवड्यात मुलाच्या पसंतीचे काय वाजवून घेणार, हेही शिक्षकांना विचारावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक पालक, प्रतापनगर, नागपूर