न वाचलेल्या पत्राबद्दल आभार

आदरणीय मॅडम,

स. न. वि. वि.

लेकीचा व्हिसा झाला. ऑगस्टमध्ये ती अमेरिकेला कॉलेजात शिकायला जाईल. ही बातमी तिने तुम्हाला आमच्याही आधी सांगितली, ते योग्यच झालं. हे पत्र मात्र माझं आहे, आणि ते मी सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. तुम्ही जे केलंत ते ज्युनिअर कॉलेजच्या शिक्षिकेच्या नेमून दिलेल्या कामात कुठेच बसत नाही. आणि असं काही करता येतं, हे आपल्या जिल्ह्यातल्या बहुतेक आईबापांच्या कानावरही आलेलं नाही.

तुम्ही तिच्यासाठी लिहिलेलं शिफारसपत्र मी वाचलेलं नाही. तिनेही नाही. कॉमन ॲपवर, म्हणजे तिथल्या अनेक कॉलेजांना एकाच ठिकाणाहून अर्ज करायच्या संकेतस्थळावर, अर्ज भरताना विद्यार्थ्याला विचारतात, की हे पत्र पुढे कधी पाहायचा हक्क तू सोडतेस का? तिने सोडला. हक्क सोडला की शिक्षकाने मोकळेपणाने लिहिलं असणार असं वाचणारा धरून चालतो, हे तुम्ही तिला समजावलं होतंत. म्हणजे ज्या कागदाचे आभार मानायला बसले, तो मला कधीच दिसणार नाही. पण तो कसा तयार झाला ते मी पाहिलंय, आणि तेच इथे सांगायचंय.

तिला एसएटीत, म्हणजे तिथल्या कॉलेजांच्या प्रवेशासाठीच्या परीक्षेत, १६०० पैकी १२८० मिळाले. गणितात ६९०, वाचन-लेखनात ५९०. दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावीला एकदम इंग्रजीतून सायन्स, दिंडोरी तालुक्यातून रोज एसटीने निमाणीपर्यंत आणि तिथून पुढे कॉलेज. त्या परीक्षेत वाचनाचे उतारे लहान असतात, प्रत्येकावर एकच प्रश्न. पण पहिल्या टप्प्यात कसं जमलं त्यावर दुसरा टप्पा सोपा येणार की अवघड ते संगणक ठरवतो. तिथे ती अडली. ५९० ला तिने किती घाम गाळला होता ते मला माहीत आहे, आणि म्हणूनच शहरातल्या एका सल्लागाराने तो आकडा ऐकून मान हलवली तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. चांगल्या कॉलेजांचा विचार सोडा, आमच्या ओळखीच्या विद्यापीठात प्रवेश करून देतो, निबंधही आमची माणसं लिहून देतील, असं तो म्हणाला. त्याचं पॅकेज आमच्या द्राक्षबागेच्या एका छाटणीच्या खर्चाएवढं होतं.

आपण सगळे सीईटी, जेईई, नीटवर पोसलेले. पर्सेंटाइल आलं, कॅप राऊंडची यादी लागली, कटऑफच्या खाली असलात की विषय संपला. घरात सगळ्यांना वाटत होतं की अमेरिकेतही अशीच यादी असणार आणि १२८० वर आपलं नाव तिच्यात नसणार. तुम्ही स्टाफरूममध्ये आम्हा दोघींना बसवून लॅपटॉपवर कॉमन डेटा सेट उघडलात. तिथली बरीच कॉलेजं दरवर्षी ही माहिती जाहीर करतात. त्यातल्या सी-७ तक्त्यात बारावीपर्यंतचे विषय, गुण, निबंध, शिफारसपत्रं, परीक्षेचा स्कोअर अशा एकेका गोष्टीपुढे ती किती महत्त्वाची मानतात त्याची खूण असते. सी-९ मध्ये प्रवेश घेतलेल्या मुलांपैकी ज्यांनी स्कोअर पाठवले त्यांचे आकडे असतात: पंचवीस टक्के मुलं या आकड्याच्या खाली, पंचवीस टक्के त्या आकड्याच्या वर. तुम्ही बोट ठेवून म्हणालात, "वहिनी, ही खालची पंचवीस टक्के मुलंसुद्धा त्याच वर्गात बसलीत." त्या वाक्यानंतर मी त्या रात्री जेवले.

तुम्ही खोटी आशा दाखवली नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. तिथल्या बोडिन कॉलेजने १९६९ मध्येच स्कोअर पाठवणं ऐच्छिक केलं होतं, बेट्सने १९८४ मध्ये. बेट्सने वीस वर्षांच्या नोंदी तपासून २००४ मध्ये सांगितलं, की स्कोअर देणाऱ्या आणि न देणाऱ्या मुलांच्या पदवी पूर्ण करण्याच्या प्रमाणात ०.१ टक्क्याचाच फरक आहे. हे तुम्ही सांगितलंत. आणि त्याच बैठकीत हेही, की २०२० च्या साथीत ज्यांनी सूट दिली त्यातल्या अनेकांनी ती काढून घेतलीय. एमआयटीने २०२२ मध्ये, मग २०२४ मध्ये डार्टमथ, येल, ब्राउन, हार्वर्ड, कॅलटेक. त्या नावांवर तुम्ही तिच्यासमोर काट मारलीत. कॅलिफोर्निया विद्यापीठ स्कोअर पाहतच नाही हे वाचून ती हरखली होती, तर परदेशी मुलांना तिथे पैशाची मदत जवळपास नाहीच, हे तुम्ही लगेच दाखवलंत. काट मारताना तुम्ही तिला वाईट वाटू दिलंत, समजूत घालायची घाई केली नाहीत. मला आई म्हणून तेवढा धीर झाला नसता.

आणि स्कोअर सरसकट लपवायचा, असंही तुम्ही केलं नाहीत. डार्टमथने सूट काढली त्यामागे त्यांच्याच अभ्यासकांचं एक निरीक्षण होतं, की कमी सोयींच्या शाळांतली काही मुलं स्कोअर कमी समजून पाठवत नाहीत आणि तिथेच त्यांचं नुकसान होतं; वाचणारा तो आकडा शाळेच्या परिस्थितीशी ताडून पाहत असतो. हे वाचून तुम्ही एकेका कॉलेजचा आकडा तिच्या आकड्याशेजारी मांडलात. जिथे १२८० त्यांच्या पंचवीस टक्क्यांच्या रेषेच्या आसपास होता तिथे पाठवला, जिथे फार खाली होता आणि सक्ती नव्हती तिथे नाही. दोन्ही प्रकारच्या ठिकाणांहून होकार आला. ती जाणार आहे ते कॉलेज दुसऱ्या प्रकारातलं.

आता त्या पत्राचं. एका रविवारी तुम्ही आमच्या वावरात आलात. मी चहा टाकला, तुम्ही म्हणालात, चहा नंतर, आधी ती फवारणीची वही दाखवा. आमच्या बागेची ही वही लेक आठवीपासून लिहिते. तारीख, पर्जन्यमापकात किती मिलिमीटर, सकाळी पानं किती वाजेपर्यंत ओली होती, कोणतं औषध, दोनशे लिटरला किती. पानांवर बोर्डो या बुरशीनाशकाचे निळे डाग. आम्ही ती वही गोठ्याच्या खिळ्याला अडकवून ठेवतो. तुम्ही ओट्यावर बसून एकेक पान उलटत होतात आणि मधेच थांबलात. गोडी छाटणीनंतरच्या एका दिवशी समासात तिने लिहिलं होतं, "ढग आहेत, पण पान कोरडं. फवारणी नको, दादांना सांगितलं." तुम्ही तिला विचारलंत, नको कसं ठरवलंस? मग ती बोलत सुटली. डाऊनी या द्राक्षावरच्या रोगाला पान ओलं लागतं, नुसत्या ढगांनी काही होत नाही, शेजारच्या बागेत घाबरून मारलेल्या औषधांचा खर्च किती, माल युरोपात पाठवायचा तर औषधांचे अंश मर्यादेत असावे लागतात ते. तुम्ही मधे एकदाही "छान" म्हणाला नाहीत, फक्त पुढचा प्रश्न विचारत राहिलात आणि लिहून घेत राहिलात. माझ्या मुलीला असं कुणी ऐकताना मी पहिल्यांदा पाहिलं. मग तुम्ही मला विचारलंत, माझ्या सासूबाईंना विचारलंत, ती घरात काय करते, चिडते कधी, चुकलं तर काय करते. वर्गात दोन वर्षं शिकवलेल्या मुलीबद्दल पत्र लिहायला कुणी एवढं विचारतं का?

कॉमन ॲपमध्ये उपक्रमांच्या दहा जागा असतात, प्रत्येकी दीडशे अक्षरांच्या. तिने तिथे शाळेतली वक्तृत्व स्पर्धा आणि रांगोळी लिहिली होती. बाकी रिकामं. तुम्ही दाखवलंत की घरच्या जबाबदाऱ्या हा त्या यादीतला एक प्रकारच आहे. बागेची वही तिथे गेली, सासूबाईंचं इन्सुलिन तिथे गेलं. साडेसहाशे शब्दांचा निबंध तिने स्वतः लिहिला, वहीवरच. तुम्ही एक शब्दही घातला नाहीत, फक्त जिथे तुम्हाला कळलं नाही तिथे पेन्सिलने प्रश्नचिन्ह केलंत. शेवटच्या मसुद्यातलं इंग्रजी तिचं होतं, थोडं ओबडधोबड, पण तिचं.

आणखी एक काम तुम्ही केलंत ज्याची कुणाला कल्पनाही येणार नाही. तिथल्या अर्जाला शाळेचा अहवाल लागतो आणि तो भरायला शाळेत समुपदेशक असतो असं ते गृहीत धरतात. आपल्याकडे कुठला समुपदेशक? प्राचार्यांची परवानगी काढून तुम्हीच ते काम अंगावर घेतलंत. आपल्या कॉलेजचं एक पानी वर्णन लिहिलंत: राज्य मंडळ म्हणजे काय, बारावीचे गुण सहाशेपैकी कसे मोजतात, वर्गात मुलं किती, किती जण खेड्यातून येतात. ते वाचल्यावर १२८० हा आकडा कुठून आलाय ते परक्या माणसालाही कळावं, यासाठी. अर्ध्या वर्षाचे गुण मागितले तेव्हा सत्र परीक्षेची गुणपत्रिका शिक्का मारून तुम्हीच चढवलीत, तेही पूर्वपरीक्षेचे पेपर तपासायचे पडले असताना.

प्रवेशाच्या पत्राखाली तिथल्या अधिकाऱ्याने हाताने दोन ओळी लिहिल्या होत्या. वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलींना जीवशास्त्राचे प्रयोग समजावणारी मुलगी आम्हाला इथे हवी आहे, असा त्यांचा अर्थ. लेक म्हणाली, आई, हे मी कुठेच लिहिलेलं नाही. मग ते कुठून गेलं, हे आम्हाला कळलं. तुमच्या पत्रातली तेवढीच एक गोष्ट माझ्यापर्यंत पोहोचली, आणि ती मला ठाऊकच नव्हती. घरी तिने कधी सांगितलं नाही. तुम्ही पाहिलंत.

पैशांचा प्रश्न सगळ्यात मोठा होता. परदेशी मुलाने मदत मागितली तरी निर्णयात त्याचा विचार करत नाहीत अशी कॉलेजं मोजकी आहेत, ॲमहर्स्ट आणि बोडिन त्यातली. बाकी बहुतेक ठिकाणी तो विचार होतो. सीएसएस प्रोफाइल या आर्थिक मदतीच्या अर्जात उत्पन्न विचारतात आणि शेतकऱ्याकडे ना पगाराची पावती ना फॉर्म १६. एका वर्षी चांगला भाव, पुढच्या वर्षी अवकाळीने घड फुटलेले. तुम्ही म्हणालात, एकच वर्ष दाखवू नका, सगळं सरळ लिहा. तहसीलदारांचा दाखला, सातबारा, सोसायटीचं कर्ज, सगळं इंग्रजीत मांडून सोबत स्पष्टीकरणाचं पत्र जोडलं. अर्जाला फीच नसलेली कॉलेजं तुम्ही आधी निवडली होतीत, त्यामुळे तिथेही खिशाला फारसा चटका बसला नाही. मदत एवढी मिळाली की जमीन गहाण टाकायची वेळ आली नाही.

या सगळ्याचं तुम्ही काही घेतलं नाहीत. पेटी पाठवली द्राक्षांची, तर ती तुम्ही स्टाफरूममध्ये वाटलीत.

म्हणून आता माझं एक ऐका. यंदा अकरावीतल्या दोघीतिघी तुमच्याकडे याच कामासाठी आल्यात असं लेकीने सांगितलं. शिफारसपत्रं तुमच्याशिवाय कुणी लिहू शकणार नाही. पण सीएसएसचा अर्ज, उत्पन्नाचे दाखले, सातबाऱ्याचा इंग्रजी तर्जुमा, खर्चाचं स्पष्टीकरण, हे मला आता येतं. त्या मुलींच्या आयांना माझ्याकडे पाठवा. बाजाराच्या दिवशी मी दिंडोरीतच असते. कागद घेऊन आल्या तर तिथेच बसून भरून देईन, आणि त्यांना दिंडोरीला यायला जमणार नसेल तर मी त्यांच्या घरी जाईन. कॉलेजच्या वर्णनाचं ते एक पान मात्र कार्यालयात जपून ठेवा, त्यांना लागेल.

आपली कृतज्ञ,
तुमच्या विद्यार्थिनीची आई
ता. दिंडोरी, जि. नाशिक