एक सभासद, एक मत

संपादक महोदय,

अल्पभूधारकाला खत-बियाणे किरकोळ भावाने घ्यावे लागते आणि माल मात्र घाऊक दराने विकावा लागतो. ही कोंडी फोडण्यासाठी एकत्र खरेदी, साठवण आणि विक्री करणाऱ्या सहकारी संस्था हव्यात. कर्जाबाबत हा मार्ग फ्रीडरिश राइफायझेन यांनी जर्मनीत १८६४ मध्येच दाखवला. त्यांच्या पतसंस्थेत सभासदांची जबाबदारी अमर्यादित असे, म्हणजे संस्थेचे देणे थकले तर ते सभासदांना स्वतःच्या मालमत्तेतून फेडावे लागे. माझ्या मते मात्र खरेदी-विक्रीच्या सहकारी संस्था बाजारापेक्षा सभासदांमुळेच अधिक खचतात. भाव चढला की माल परस्पर बाहेर विकायचा आणि पडला की संस्थेच्या दारात आणायचा, ही सवय (आपल्या सगळ्यांचीच) कोणतीही संस्था पेलू शकत नाही. म्हणून माल देण्याचा लेखी करार आणि त्रयस्थ लेखापरीक्षण नोंदणीपूर्वीच ठरवावे.

— एक शेतकरी वाचक