वाचनालयातल्या ताईंचे जाहीर आभार

ताई, स.न.वि.वि.

तोंडावर आभार मानले असते, तर "त्यात काय एवढं" म्हणत तुम्ही पुढच्या माणसाचं पुस्तक नोंदवायला घेतलं असतंत. म्हणून हे जाहीर पत्र.

माझं वाचन तसं आडवळणाचं. आकाशदर्शनावर लिहिणारे एक मास्तर, समुद्री कासवांवर लिहिणारी मंडळी, जुन्या कौलारू घरांच्या डागडुजीचं एक संकेतस्थळ. यातलं रोज कुणीच लिहीत नाही. नवीन काही आलं का, हे पाहायला प्रत्येकाच्या दारात जायचं, नाहीतर फेसबुक दाखवील तेव्हा बघायचं. आणि फेसबुकला माझ्या कासवांपेक्षा वरातीतले नाच जास्त आवडतात!

तुम्ही माझ्या फोनवर फीडर घालून दिलंत, म्हणजे आपण निवडलेल्या संकेतस्थळांवरचं नवं लेखन एका जागी आणून देणारं ॲप. मास्तरांच्या संकेतस्थळाच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन 'फीड' एवढंच टाइप केलंत, आणि त्यांचे ताजे लेख तारखेप्रमाणे एकाखाली एक येऊन बसले. वर्डप्रेस नावाच्या साधनावर बनवलेल्या बहुतेक संकेतस्थळांवर ही युक्ती चालते, हे मला त्या दिवशी कळलं. नव्या लेखांची अशी फीड पुरवायच्या पद्धतीला आरएसएस म्हणतात, आणि पॉडकास्टही याच आरएसएसवर चालतात म्हणे. १९९९ पासूनची सोय, आणि आमच्या मालवणात कुणी चकार शब्द काढला नाही!

पूर्ण लेख आधीच उतरवून ठेवायची सेटिंग तुम्ही करून दिलीत, तिचं मोल पावसाळ्यात कळतं. आमच्याकडे लाईट गेली की मागोमाग रेंजही जाते. सकाळी जेटीवर रेंज असते तेवढ्यात लेख खाली येतात, ते रात्री पडवीत बसून निवांत वाचतो.

वर्तमानपत्रांची फीड घालू नका, बातम्यांच्या ढिगाखाली कासवं गाडली जातील, असं तुम्ही बजावलंत. पटलं. पेपर तुमच्या टेबलावर फुकट मिळतोच की.

पण खरे आभार त्या ओपीएमएल फाइलचे. फीडरमधल्या संकेतस्थळांची सगळी यादी तिच्यात काढून स्वतःलाच मेल करायला लावलीत. तेव्हा ते मला उगाच वाटलं होतं. मग तुम्ही गूगल रीडरचं, म्हणजे फीड वाचायच्या गूगलच्या सोयीचं, सांगितलंत: १ जुलै २०१३ ला तो बंद झाला, पण ज्यांनी यादी काढून ठेवली होती ते ती घेऊन दुसऱ्या रीडरमध्ये गेले. ॲप उद्या बुडालं तरी यादी माझ्याकडेच.

चतुर्थीला मुंबईहून पुतण्या येईल, तेव्हा हीच फाइल त्याच्या फोनवर घालून देणार आहे. अडलं तर त्याला घेऊन तुमच्याकडेच येतो.

आपला,
वाचनालयाचा एक जुना सभासद