फड पाहिल्याशिवाय शिक्षक घडणार नाही

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तू भावी शिक्षक घडवणाऱ्या डीएड कॉलेजात शिकवायला रुजू झालास हे वाचून फार आनंद झाला. ‘मुलांशी समरस व्हा असं सगळेच सांगतात, पण ते शिकवायचं कसं?’ असं तू विचारलंस. माझ्या मते ते नक्की शिकवता येतं, फक्त कॉलेजच्या वर्गात बसून नाही.

आमची शाळा साखर कारखान्याच्या पट्ट्यातली. दिवाळी झाली की बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात, मोकळ्या रानात त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतात आणि हजेरीपटावर नवी नावं चढतात. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ४ सांगतं, की मुलाला वयाप्रमाणे वर्गात घ्या आणि मागे राहिलेलं विशेष प्रशिक्षण देऊन भरून काढा. वर्गात घेणं सोपं आहे. पण चौथीत बसवलेलं ते लेकरू मागच्या भिंतीला टेकून गप्प राहतं, दुपारी पेंगतं, मधूनच दोन-दोन दिवस येत नाही. मग शेरा पडतो: अभ्यासात रस नाही, पालक उदासीन.

असा शेरा लिहिण्याआधी शिक्षकानं एकदा पहाटे कोप्यांवर जावं. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. दोघं अंधारातच उसाच्या फडाकडे निघतात. मागे राहिलेली थोरली मुलगी पाणी भरते, धाकट्याला सांभाळते. ट्रॅक्टर रात्री आला तर आईबाप मोळ्या भरायला पुन्हा उठतात आणि पोरांचीही झोप मोडते. टोळी आणणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली, त्यामुळे हंगाम अर्ध्यावर सोडून गावी जायची सोय नाही. हे पाहिलेला शिक्षक भावाला कडेवर घेऊन आलेल्या मुलीला परत पाठवत नाही. दाराजवळ पोतं अंथरून त्यालाही बसवतो. पेंगणाऱ्या पोराला आधी विचारतो, ‘रात्री गाडी भरली का रे?’

पण तुझ्या विद्यार्थ्यांना कीव करायला शिकवू नकोस. कीव आली की शिक्षक त्या मुलांकडून कमीच अपेक्षा ठेवतो, आणि माझ्या दृष्टीनं तो अन्यायच आहे. ही मुलं हिशोबाला पक्की असतात. २०२४च्या जानेवारीत तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये ठरला. मी फळ्यावर गणित मांडलं: एका कोयत्यानं दिवसाला दोन टन तोडले, तर पन्नास हजारांची उचल किती दिवसांत फिटेल? एरवी तोंड न उघडणारा मुलगा पाटीवर खटपट करत राहिला. उत्तर आलं ६९. मग त्यानंच विचारलं, ‘गुरुजी, तवर खायचं काय?’ त्या प्रश्नावरून आम्ही खर्चाची वही मांडली आणि वजाबाकी, भागाकार, व्याज असं सगळं त्याच वहीतून शिकलो.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेलं निवेदन तुझ्या विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात वाचायला दे. नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरायला लाज न वाटणारे शिक्षक त्यांनी मागितले होते, लोकांत मिसळणारे, त्यांच्या गरजा जाणणारे. प्रशिक्षणात शेतीचं आणि आरोग्याचं प्राथमिक ज्ञान असावं, पगार बारा रुपयांहून कमी नसावा, हेही सांगितलं. पगाराचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. तुटपुंज्या मानधनावर राबवलेल्या माणसाकडून मायेची अपेक्षा करायची, हे मला पटत नाही.

दुसरं उदाहरण आदिवासी भागात बालशिक्षणाचं काम केलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं. बोर्डीला आणि नंतर कोसबाडला मुलं शाळेपर्यंत येत नाहीत हे दिसल्यावर त्यांनी अंगणात बालवाडी भरवली आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. मूल का येत नाही, हे त्यांनी जाऊन पाहिलं होतं.

म्हणून तुला एक विनंती आहे. तुझ्या विद्यार्थ्यांची आंतरवासिता, म्हणजे शाळेतला सराव, ऐन हंगामात ठेव आणि चार-पाच जणांना इकडे पाठव. सकाळी कोप्यांवर, मग वर्गात. दहा वर्षांच्या मुलाला पहिल्यापासून वाचायला शिकवणं हे कसबाचं काम आहे. ‘कमळ, बदक’ची चित्रं त्याच्यासमोर ठेवली तर त्याला लाज वाटते. त्याच्याच तोंडची चार वाक्यं लिहून त्यांवर वाचन घ्यायचं, हे सराव पाठाच्या टाचणात बसत नाही. इथं बसून शिकता येईल.

आणखी एक काम त्यांनी करावं. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मुलं गावी परततात आणि इथं शिकलेलं तिथल्या शिक्षकाला कळतच नाही. स्थलांतरित मुलाला दुसऱ्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून दिलेलं शिक्षण हमी कार्ड सोबत असतं, पण मूल कुठवर वाचतं, कशात अडतं, कशानं खुलतं, हे त्यावरून समजत नाही. प्रत्येक मुलामागे एक पानभर पत्र गावच्या गुरुजींना लिहायचं. मी थोडी लिहिली आहेत, एकट्यानं सगळी होत नाहीत.

राहण्याची सोय माझ्या घरी होईल, जेवणाचंही पाहू. प्राचार्यांशी बोलून दिवाळीआधी नक्की कळव, म्हणजे टोळ्या उतरायच्या आत मुकादमांना भेटून ठेवतो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
जुना वर्गमित्र